तालमीच्या नावावर अकरा पोरं

आमच्या मिठागरावर बायका डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहत आणि त्यांची पोरं बांधावर छत्रीखाली निजत. माझी नात जनी, आठ महिन्यांची, एकदा लोळत लोळत खाऱ्या पाण्यात गेली. पाणी वीतभर होतं म्हणून वाचली, पण तीन दिवस डोळे उघडेना. चौथ्या दिवशी मी बायका गोळा केल्या आणि सांगितलं, पोरांना सावलीची जागा हवी आणि सांभाळायला बाई हवी. हवी म्हणजे हवीच.

शाळेच्या दयाराम मास्तरांनी मुंबईच्या एका शेठना पत्र घातलं. उत्तर आलं : पाचशे रुपये देतो, पण सरकारदरबारी नोंदलेल्या संस्थेलाच.

"मग नोंदवा आमची," मी म्हटलं.

"वर्ष जाईल, ठमाकाकू. तोवर असं करू. गावात नोंदलेली संस्था एकच, तालीम मंडळ. पैसे तालमीच्या नावावर येतील, शेठना जबाब तालीम देईल, काम तुम्ही चालवायचं. शंभरामागे पाच रुपये तालमीला, तसदीबद्दल."

"म्हणजे पोर माझं आणि पाळणा गुणाजीभावजींचा."

"तसंच म्हणा."

गुणाजीभावजी म्हणजे माझे धाकटे दीर, तालमीचे वस्ताद. मी या घरात आले तेव्हा त्यांचं नाक मी पुसत असे. आता मिशीला पीळ देत हिंडतात. शेठना जायच्या पत्रावर त्यांनी न वाचता सही ठोकली. खाली 'अध्यक्ष' लिहिलेलं होतं, तेवढं त्यांना पुरलं. वर काय होतं ते मी मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं होतं : 'पैसे पोचल्यावर येणाऱ्या सोमवारपासून मुलांची देखभाल तालमीच्या इमारतीत तालीम मंडळ करील.'

पैसे आले. शनिवारी मी तालमीच्या पायरीखाली उभी राहिले.

"भावजी, पाळण्यांची दोरी आणायची हाय."

"आधी कौलं बदलू, वहिनी. आणि आखाड्यात बाईमाणसानं पाय ठेवायचा न्हाय, आत मारुतीराय हाय. तुमच्या बाया पोरं सांभाळणार कुठं? दुसरी जागा होईस्तोवर पैसे आमच्याकडं सुखरूप हायेत."

"व्हय, बाईमाणसानं पाय न्हायच ठेवायचा," मी म्हटलं आणि घरी आले. सून सखुबाई म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही गप्प बसलात?" तिला वाटलं मला ताप आला.

सोमवारी उजाडताच आम्ही अकरा पोरं तालमीच्या उंबऱ्याशी नेली. मी बाहेरूनच एकेक आत दिलं. समोर जो पैलवान आला त्याच्या हातात पोर. अंगाला तेल चोपडलेलं, त्यामुळे बिचारे घट्ट धरायलाही भीत होते.

"हे काय, वहिनी?"

"तालीम देखभाल करील असं तुम्हीच लिहून दिलंत. मास्तरांकडं नक्कल हाय. शेठचा माणूस कधीही बघायला येईल म्हणतात."

"अवो, पण एखादी बाई तरी ठेवा!"

"कुठं ठेवू? मारुतीराय हाय ना आत."

आणि आम्ही मिठागरावर गेलो. रडं तिथवर ऐकू येत होतं. बायकांचा जीव वरखाली होत होता, माझाही. पण मी कुणाला मागे वळू दिलं नाही.

दहा वाजता एक पैलवान धावत आला. पोरांना भूक लागली होती. मी पेज पाठवली, बाई नाही पाठवली. अकराला दुसरा आला. भागुबाईच्या पोरानं आखाड्याच्या तांबड्या मातीत घाण केली होती आणि वस्ताद डोकं धरून बसले होते. बाराला खुद्द वस्ताद आले, बांधावरून, उन्हात, खांद्यावर जनी. तिच्या मुठीत मिशीचं टोक.

"वहिनी, पाया पडतो. चला."

"आखाड्यातून येणार न्हाय मी. देवाचा नेम मोडायचा न्हाय."

"मागच्या भिंतीला दार पाडतो. मागली पडवी तुमची."

"आणि पैसे?"

"तुमच्या हातात. मास्तरांसमोर लिहून देतो."

"कौलं?"

"पाऊस पडला तर भिजू."

दार त्यांनी स्वतः पहार घेऊन पाडलं. संध्याकाळी पडवीत सहा पाळणे टांगले आणि बायजा म्हातारी पोरं सांभाळायला बसली. मास्तर म्हणाले, आता नोंदणीचा अर्ज करू, वर्षभरात तुमची संस्था तुमच्या नावावर.

"लवकर करा, मास्तर," भावजी म्हणाले.

"सावकाश होऊ द्या," मी म्हटलं. "मला बाई काही घाई न्हाय."