उजवी पाकळी

पाकळी उजवीकडची पडली आणि कृष्णनाथचं तोंड वाकडं झालं. पेडण्याच्या त्या गावात देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवून कौल मागतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न साधा होता: सून रूपालीने गुजरातेतल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात नोकरीला जावं का? देव हो म्हणाला.

कृष्णनाथ नकार घ्यायला आला होता. खाणीवर मुकादमी करून आयुष्य सावलीत काढलेल्या ह्या माणसाला सुनेच्या तोंडावर नाही म्हणायचीही धमक नव्हती. तेवढ्यासाठी त्याने देवाला कामाला लावलं होतं.

"भिकाजी, देवाक नीट समजूक नाय," तो गुरवाला म्हणाला. "परत लाव."

रूपाली खांबाशी उभी होती. म्हापशाला बस बदलून ती रोज डिचोलीच्या प्रशिक्षण केंद्रात जायची. तिथल्या धूळमुक्त बंद खोलीत शिरताना पावडर नाही, कुंकू नाही, केसांत फूल नाही. धुळीचा कण पडला तरी सिलिकॉनची चकती वाया. त्या चकतीवरच्या थराची जाडी मोजायला ती शिकली, परीक्षा पास झाली, कारखान्याने तिला निवडलंही. सासू तारा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की आमची सून बंद खोलीत बसायला शिकते. आणि नवरा? मोपाला विमानतळ होणार म्हटल्यापासून सुदेश टॅक्सी घेणार होता. विमानं येऊन जुनी झाली, हा अजून पलंगावरच. सून गेली तर सकाळचा चहा कोण देणार, एवढीच त्या घराची अडचण. बाकी सगळ्या घराण्याच्या अब्रूच्या गप्पा.

दुसऱ्यांदाही उजवीच पडली. भिकाजी घुटमळला. कृष्णनाथने डोळे वटारले तेव्हा त्याने उजवी पाकळी चांगली भिजवून दाबून बसवली आणि डावी नुसती टेकवली. हात काढायच्या आत ती खाली आली. सगळ्यांनी भक्तिभावाने हात जोडले. सुदेशनेही जोडले, फोन खिशात घालून.

रूपालीने जोडले नाहीत.

"बाबा, आमका केंद्रात शिकयल्यानी," ती म्हणाली, "येता तो आकडो लिवचो. आवडाक नाय म्हणान परत परत मोजलो तर घरी धाडतत."

"म्हणजे देवाच्या उलट जातलंस?"

"देवान सांगला ता मी पयल्याच फावटी ऐकलंय."

ती गेली. बसपर्यंत बॅग उचलायलासुद्धा सुदेश आला नाही.

आता कृष्णनाथ नाक्यावरच्या चहाच्या दुकानात सांगतो की कौल घेऊनच सुनेला पाठवली, पाकळी एका दमात उजवी पडली. लाज नावाची वस्तू त्या घरात कधी नव्हतीच. परवा तिने कारखान्यातला फोटो पाठवला, तोही त्याने दुकानभर फिरवला. कुणीतरी विचारलं, ह्यातली तुझी सून कुठची?

फोटोत ओळीने बायका उभ्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, तोंडावर पट्टी, उघडे फक्त डोळे. कृष्णनाथने थोडा वेळ पाहिलं आणि फोन बाजूला चहा पीत बसलेल्या सुदेशपुढे धरला. सुदेशने फोटो मोठा केला, एकेकीच्या डोळ्यांपाशी थांबत पुढे सरकवला, मग पुन्हा मागे आणला.

शेवटी एकीवर बोट ठेवून तो म्हणाला, "हीच असतली."