दोन रिंगांचा निरोप

मित्रांनो, लालबागच्या एका चाळीत आमच्या गावकऱ्यांची खोली आहे. गावाहून कामाला आलेला माणूस आधी इथंच पथारी टाकतो. तिथल्या फळीवर बसलेला जुना हिरवा टेलिफोन, तो मी. गिरण्या चालू होत्या तेव्हा माझा काय तोरा होता! बारशापासून बाराव्यापर्यंतचे सगळे निरोप माझ्यातूनच जात. मग खिशाखिशांत मोबाइल आले आणि माझ्यावर धूळ बसू लागली.

एकटे धोंडूतात्या मला विसरले नाहीत. त्यांची बायको कमल कोकणात गावीच राहायची. गाव डोंगरांच्या खोबणीत, मोबाइलला रेंज म्हणून नाही. रोज संध्याकाळी ती सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर चढायची. तिथंही शब्द तुटत. म्हणून दोघांनी ठरवलं होतं, दोन रिंगा देऊन फोन बंद करायचा. दोन रिंगा म्हणजे सगळं ठीक. तात्या मला उचलत नसत, नुसते हसत.

मागच्या मार्चमध्ये मी भरदुपारी वाजलो. दोनदाच. थोड्या वेळानं पुन्हा दोनदा. तात्या जेवत होते. खोलीतला सुशांत उठला.

"तात्या, घेऊ का?"

"घेव नको रे. दोनच झाले मा? बरी आसा ती. आज तिका माझी लयच आठवण इली हा!"

नऊ वेळा वाजलो मी. तिसऱ्या रिंगेसाठी जिवाचा आटापिटा केला, पण पलीकडून रेंजच तुटत होती. गावाला वणव्यानं घेरलं होतं. खालची माणसं पाणंदीच्या वाटेनं नदीवर पळाली आणि वाचली. मदतीसाठी फोन लावायला वर गेलेली कमल तेवढी परत आली नाही.

तात्यांना माझ्याकडे बघवेना, म्हणून सुशांतनं माझी वायर उपटून टाकली.

त्याच संध्याकाळी मी वाजलो. दोनदा.

"तात्या, वायर नाय त्याला!" सुशांत भिंतीला टेकला. "वाजतो कसा?"

तात्यांनी मला उचललं. माझ्यातून वाळल्या गवताचा तडतडाट आला आणि मागून कमलचा आवाज.

"अवो, मोठ्यान बोला! ऐकाक येणा नाय!"

"कमल, वर थांब नको गो! पाणंदीन खाली उतर! नदीकडे धाव!"

"हॅलो? अवो, हॅलो?"

तेव्हापासून तात्या रोज संध्याकाळी घसा फुटेस्तोवर ओरडतात. शेजारी दारं लावून घेतात. मला तात्यांची फार दया येते आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका. हवं तर भंगारात घाला मला. पण त्या सड्यावर एक टॉवर तेवढा उभारा. वाट कुठली धरायची ते तात्या तिला रोज सांगतात, तिला ते ऐकू जात नाही, आणि तो तडतडाट रोज थोडा अधिक जवळून येतो.