अर्धा बोल्ट

बाबाच्या रायफलीच्या बोल्टला, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याला, जी मूठ आहे, तिच्या मुळाशी साडेचार मिलिमीटर रुंदीचा एक पट्टा आहे. तिथला काळसर निळा रंग पार उडून खालचं पोलाद उघडं पडलंय. रायफलीवर बाकी कुठेही एवढी झीज नाही. अडतीस वर्षं रानातून चालताना त्याचं एक बोट तिथे टेकलेलं असायचं, मूठ खाली पडू नये म्हणून.

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, आमच्या तुआटापेरे गावात, त्याला अर्धा बोल्ट म्हणतात. काडतूस नळीत ढकलायचं, पण मूठ पूर्ण खाली पाडायची नाही, अधांतरी ठेवायची. मूठ वर असेपर्यंत बार उडत नाही, आणि हरीण दिसलं की एका झटक्यात तयार. बाबाच्या पिढीच्या रायफली लष्करातून निघालेल्या. बार चुकून उडू नये म्हणून असलेली त्यांची मूळ सेफ्टी बोल्टच्या डोक्यावरून उलटी-सुलटी फिरायची. वर दुर्बीण बसवली की ती दुर्बिणीला अडायची. मग सगळ्यांनी सेफ्टी काढून टाकली आणि बोटावर भरवसा ठेवला.

मी अठरा वर्षं ड्युनेडिनच्या प्रयोगशाळेत धातूंना तडे कसे जातात ते मोजलं. नंतर इथे परत येऊन बंदूक दुरुस्तीचं दुकान काढलं, त्यालाही आता अकरा वर्षं झाली. या काळात बाबाने गावातल्या निम्म्या बंदुका माझ्याकडे पाठवल्या. आमची आयल्सा एका केसाचे दहा भाग करून मोजते, असं तो पबमध्ये ऐकवायचा. स्वतःची रायफल मात्र त्याने कधी आणली नाही. मी सेफ्टीचा विषय काढला की म्हणायचा, बघू पुढच्या हंगामाला.

या ऑगस्टमध्ये तो ती घोंगडीत गुंडाळून घेऊन आला आणि त्याने ती बाकावर ठेवली. मग त्याने एप्रिलमधली गोष्ट सांगितली. तो आणि वॉटी दाट झाडीतून चढत होते. वॉटी त्याचा लाकडाच्या गिरणीतला जुना सोबती, गेली तीस वर्षं शिकारीलाही बरोबर. वॉटी दोन पावलं पुढे होता. सगळीकडे काळ्या वेलींचं जाळं. वर मोकळ्यावर आल्यावर बाबाने खाली पाहिलं, तर बोल्टची मूठ पूर्ण खाली. कुठल्यातरी वेलीने ती दाबली होती आणि त्याच्या बोटाला कळलंही नव्हतं. नळीचं तोंड वॉटीच्या पाठीकडे होतं. वॉटीनेही वळून ते पाहिलं. त्याने चहा केला, प्यायला, आणि उरलेले तीन दिवस बाबाच्या मागून चालला.

वापिटी हरणांच्या शिकारीला रानातली जागा चिठ्ठ्या टाकून मिळते, आणि अर्ज टोळीच्या नावाने करायचा असतो. वॉटीने या वर्षीचा अर्ज भरला होता, बाबाची ओळ तेवढी कोरी ठेवून. अर्ध्या बोल्टने येणार असलास तर येऊ नकोस, एवढंच त्याने कळवलं होतं. अर्ज महिनाअखेरीस जाणार होता.

मी बाबासमोर दोन गोष्टी ठेवल्या. एक, बाजूला छोटी कळ असलेला नवा चाप. बसवायला अर्धा दिवस. पण ती फक्त चाप अडवते, काडतुसावर आपटणारी आतली पिन ताणलेलीच राहते. दुसरी, बोल्टच्या मागच्या टोपणावर बसणारी तीन टप्प्यांची सेफ्टी. ती आडवी फिरते, त्यामुळे दुर्बिणीला अडत नाही. ती पिनलाच मागे खेचून धरते. पूर्ण मागे असली की बोल्टही जागचा हलत नाही. मधल्या टप्प्यावर सेफ्टी न काढता काडतूस बाहेर काढता येतं. ही बसवायला मात्र हाताने कानस चालवावी लागते, आणि ती चुकली तर सुटा भाग वाया जातो.

बाबा पहिलीवर अडून बसला होता. मी बर्फाच्या पाण्यात लोकरी हातमोजा भिजवून त्याच्या हातात घातला आणि दहा मिनिटांनी दुकानातल्या नमुन्यांवर दोन्ही कळा सरकवायला लावल्या. गिरणीत त्याचा उजवा अंगठा चेंगरला होता, तेव्हापासून त्याचं पेर वाकत नाही. छोटी कळ त्याला चाचपडूनही सापडेना. दुसरी त्याने अंगठ्याच्या कडेनेच ढकलली.

"दुसरी," तो म्हणाला, आणि मोजा काढून माझ्याच टेबलावर पिळला.

त्या सेफ्टीचा पहिला सुटा भाग मी बिघडवला. पिनच्या शेपटीवर निळी शाई लावायची, सेफ्टी फिरवायची, शाई जिथे पुसली जाईल तिथे कानशीचे दोन हात, पुन्हा शाई. मी दोन हात जास्त मारले. पिन जेमतेम पाच शतांश मिलिमीटर मागे येत होती. मी तो भाग भंगाराच्या डब्यात टाकला, दुसरा मागवला आणि चार दिवसांनी पुन्हा सुरुवात केली.

बाबा आला तेव्हा दुसरा बसला होता, पण त्याच्या नजरेस नेमका भंगारातला पहिलाच पडला. उचलून उजेडात धरून त्याने विचारलं, "हा चालत नव्हता?"

"चालत होता."

"मग?"

"इथे चालत होता. रानात चिखल गेल्यावर त्याने पिन धरली असती की नाही, सांगता येत नाही."

त्याने तो जपून डब्यात परत ठेवला. सोन्याचं कानातलं ठेवावं, अशा बेताने.

मग मी रिकामी रायफल व्हाइसच्या जबड्यात अडकवली. सेफ्टी लावली, चाप ओढला, सोडला, सेफ्टी काढली. पिन पडली नाही. सेफ्टी लावून लाकडी हातोडीने चारही बाजूंनी ठोकलं. तरी नाही. असं पन्नास वेळा केलं. बाबा ओठ हलवत मोजत होता, आणि एकतिसाव्याला मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "एकोणीस राहिलेत, टाळाटाळ नको."

शेवटी सेफ्टी पिनला किती मागे धरते ते मोजायला मी फटीत फीलर गेजचं पातळ पातं सरकवून दाखवलं. शून्य पूर्णांक तीन मिलिमीटर.

"म्हणजे केवढं?"

"तीन कागदांएवढं."

"वॉटीची पाठ तीन कागदांवर सोडायची?"

"आत्तापर्यंत ती वेलींच्या मर्जीवर होती."

तो हसला नाही. रायफल खांद्याला लावली, अंगठ्याच्या कडेने सेफ्टी मागे नेली, पुढे आणली, पुन्हा मागे. बोल्ट उचलून पाहिला, उचलला गेला नाही. जोर लावला, तरी नाही. टोपणाच्या जोडावर त्याने नख फिरवलं, आणि जोड कुठे आहे ते नखाला सापडलं नाही. त्याने पुन्हा फिरवलं. अकरा वर्षांत माझं कुठलंही काम त्याने असं तपासलं नव्हतं. लोकांच्या बंदुकांवरच्या कामाची तो नुसतीच तारीफ करायचा. ही रायफल त्याची स्वतःची होती.

मग त्याने दुकानाचा फोन उचलला आणि न विचारता नंबर फिरवला.

"वॉटी, मीच. मेलो नाही अजून, उगाच आशा धरू नकोस." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. बाबा ऐकत राहिला, एक हात रायफलीवर ठेवून. "हो. आयल्साने बसवली. पहिली जमली नाही तर फेकून दिली तिने, दुसरी केली. मी स्वतः मोजलं, पन्नास वेळा. तुझ्या पोरांपैकी कुणालातरी करून दाखव म्हणावं."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, पण पाठ ताठ केली.

"एप्रिलमध्ये चूक माझी होती," तो म्हणाला. "अर्धा बोल्ट मी आजपासून सोडला. माझं नाव घाल."