पुंजाबाबांचा लंगोट

लासलगावच्या कांद्याच्या खळ्यावर निवडीला बसणाऱ्या बायकांत कुसाबाईचा हात सगळ्यांत चपळ होता. पण अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात, सातवा महिना लागल्यावर, तिला अर्धा तास उकिडवं बसवेना. दोन मांड्यांच्या मध्ये, नको त्या जागी, निळ्या गाठी टरारून फुगल्या होत्या. अंग बाहेर येतंय, आता मी आणि बाळ दोघंही जाणार, असं तिने मनाशी धरलं होतं. सांगायचं कोणाला? सासू साळूबाई म्हणजे तिखटजाळ!

नर्स लताबाई मंगळवारी घरभेटीला आल्या आणि तिची चाल बघूनच त्यांनी ओळखलं. दाराला कडी लावून त्यांनी तपासलं.

"अगं वेडे, हे अंग नाही. पोटातल्या भाराने शिरा फुगल्यात. बाळंतपणानंतर बहुतेक ओसरतात. उकिडवं बसायचं बंद. डाव्या कुशीवर पड, गार पाण्याची घडी ठेव, आणि खालून घट्ट आधार बांध, लंगोटासारखा. फार दुखलं किंवा रक्त आलं तर तडक दवाखाना. बाळंतपणही तिथंच."

लंगोट! घरात एकच होता, कैलासवासी सासऱ्यांचा, पुंजा पैलवानांचा. साळूबाई तो ट्रंकेत ठेवायची आणि नागपंचमीला वरूनच हळद वाहायची. आखाड्यातल्या लंगोटाला बाईचा हात लागू नये, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

लताबाईंनी कडी काढली, तशी दाराआड उभी असलेली साळूबाई आत आली. तिने ट्रंक उघडली आणि लंगोट सरळ हातात घेतला.

"आत्याबाई, शिवू नका!"

"गप ऱ्हा. उकळून आणते."

पहिल्याच दिवशी कुसाबाईला इतका उतार पडला की ती रडली. पुढे दवाखान्यात मुलगी झाली, धडधाकट. दोन महिन्यांत गाठीही ओसरल्या. देवमाणूस आहेत लताबाई, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली. मग लंगोट धुऊन तिने सासूपुढे धरला.

"बाटला ना हो माझ्यामुळं?"

"तो तीस वर्षांमागंच बाटलाय," साळूबाई म्हणाली. "गोरक्षच्या, तुज्या नवऱ्याच्या वेळंला मला बी हेच झालं व्हतं. ह्यांनी आपल्या हातानं बांधला. मंग वस्तादानं इचारलं, म्या दिलेला लंगोट कुठंय? बायकोचं दुखणं चार गड्यांत सांगायचं कसं? म्हणाले, कुस्ती सोडली. गाव म्हणलं, पुंजा भ्याला. मरेपर्यंत म्हणलं. आन मी लाजंपायी तोंड उघडलं नाय."

कुसाबाईने भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाकडे पाहिलं. सात वर्षं ती त्याला रोज नुसती उदबत्ती दाखवत आली होती.

साळूबाईने तिच्या हातातला ओला लंगोट घेतला आणि अंगणात, रस्त्याच्या तोंडाशी, दोरीवर पसरला. शेजारची अक्काबाई पाण्याला निघाली होती, ती थबकलीच.

"अगं साळू, ह्यो पुंजाचा ना? बाईमाणसानं धुतला?"

"व्हय," साळूबाई मोठ्याने म्हणाली. "घागर ठेव खाली. बस. तुला सांगायचं हाय."