चर्चमधली पाचवी भिंत

मी एक लाकडी भिंत बोलतेय. दचकू नका, माझ्याशेजारी बसणाऱ्यांनी याहून भलतंसलतं ऐकलंय.

चर्चला भिंती चार असतात. मी पाचवी, नको असलेली. मंडळीत वाद पेटला होता: बाप्तिस्मा डोक्यावर पाणी शिंपडून द्यायचा की पाण्यात पूर्ण बुडवून? एवढ्याशा पाण्यावरून सगळं चर्च तापलं. एक सुतार शिंपडणाऱ्यांत, त्याचा धाकटा भाऊ, रंगारी, बुडवणाऱ्यांत. दोघांचं बोलणं बंद झालं आणि सुताराने रागारागाने दारापासून वेदीपर्यंत माझ्या फळ्या ठोकल्या.

मग काय, उपदेशाला दोन पाळक आणि भाकर-द्राक्षरसाची दोन प्रभुभोजनं. दोन्हीकडे तेच गीत सुरू व्हायचं, आणि पलीकडचं ऐकू येऊ नये म्हणून सगळे घसा फोडून गायचे. मला हसू यायचं. प्रार्थनेत मात्र दोन्हीकडे देवाला 'आमच्या बापा' म्हणत. आमच्या म्हणजे नेमकं कुणाच्या, हे कुणी विचारत नसे.

या दोघांची म्हातारी आई एका रविवारी थोरल्याकडे बसे, पुढच्या रविवारी धाकट्याकडे. पण नेहमी मला चिकटून, तळहात माझ्यावर टेकवून. दम लागायचा म्हणून तिचं 'आमेन' सगळ्यांच्या मागून यायचं.

एकदा तिनं थोरल्याला विचारलं, "काय रे, प्रभू कुठल्या बाजूला बसतो?"

"आई, गप्प बस. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. तुमचं एकमत झालं म्हणून त्यानं तुम्हाला बोलावलं का? त्यानं बोलावलं, एवढ्यावर एकत्र बसायचं असतं. आणि हे बघ, मी मेले की मला एका बाजूनं नेऊ नका. मधून न्या."

ती गेली. दोन्ही बाजू हटून बसल्या: शवपेटी आमच्याकडेच. शेवटी सुतारानेच वेदीजवळच्या माझ्या फळ्या उचकटल्या. पेटी त्या भगदाडात ठेवली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. दोघे भाऊ दोन टोकांना उभे होते, माना खाली घालून. प्रार्थना संपली, सगळे 'आमेन' म्हणाले. आणि मागून, दमलेलं, आणखी एक 'आमेन' आलं.

पुढच्या रविवारीही आलं. त्याच्या पुढच्याही. इकडच्यांना वाटे तिकडून येतंय, तिकडच्यांना वाटे इकडून. शपथेवर सांगते, ते माझ्यातून येत नव्हतं. मीही भेदरले होते. तिचा तळहात टेकायचा तिथलं लाकूड अजून गार होत नव्हतं.

"भगदाड बुजवा, म्हणजे थांबेल," असं दोन्हीकडच्यांनी ठरवलं. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर.

सुतार हातोडी घेऊन आला. पण उभी फळी ठोकायची तर पलीकडून कुणाला तरी दाबून धरावी लागते, नाहीतर ठोक्यासरशी ती मागे सरकते. तो ओरडला, "कुणी आहे का रे तिकडे? धरा जरा!"

पलीकडून दोन तळहात टेकले. "धरलीय, दादा."

हातोडी वरच राहिली. या बाजूने थोरल्याचा हात, त्या बाजूने धाकट्याचे, आणि मध्ये बोटभर जाडीची मी. लाकूड असून मला रडू आलं.

"आईला बाहेर ठेवायचं का रे दादा?" धाकट्यानं विचारलं.

थोरल्यानं हातोडी खाली ठेवली. म्हणाला, "सोड."

"पडेल ना!"

"पडू दे."

तेवढी मी दोघांच्या पायांशी पडले. ती फळी पुन्हा कुणी उचलली नाही.

वाद मिटलेला नाही. शिंपडणारे शिंपडतात, बुडवणारे बुडवतात. माझा उरलेला भागही उभा आहे, आणि आता मला उभं राहवत नाही. तुमच्यापैकी कुणाला ठोकाठोकी येत असेल तर या, मला उतरवा. पण एकटे येऊ नका. पलीकडच्यालाही हाक मारा.