थोरल्या जाऊबाईंचा सढळ हात

एकाच घरात नांदणाऱ्या दोन जावा एकाच प्रयोगशाळेत कामाला होत्या. थोरली काचेवर पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचा तपकिरी, केसाहून कितीतरी पातळ थर चढवून सौरघट बनवायची. धाकटी त्यावर दिव्याचा झोत टाकून त्या उजेडाची किती टक्के वीज होते ते मोजायची. गेले कित्येक आठवडे आकडा सतरा टक्क्यांवर ठाण मांडून बसला होता.

“थर वाळला की वरून क्षाराचं द्रावण फिरवून बघा ना,” धाकटी म्हणाली. “पृष्ठभागावर बारीक खाचा राहतात, वीज तिथेच अडकते.”

थोरलीला ते लागलं. “माझा थर मुळातच नीट असतो. मलमपट्टी कशाला?”

तरी एकदाची कटकट मिटावी म्हणून तिने द्रावण केलं, गरगर फिरणाऱ्या काचेवर टाकलं, काच हॉटप्लेटवर शेकली. मोजलं, तर चौदा!

“बघ! सांगत होते ना?” थोरलीला इतका आनंद झाला, की तिची तिलाच लाज वाटली. घट आपलाच बिघडला होता की!

धाकटीने बाटली उजेडात धरली. “जाऊबाई, किती घातलंत हो! वर जाडजूड पापुद्रा बसलाय, वीज बाहेर पडणार कुठून? घरी भाजीत मीठ घालता, तसंच घातलंत ना?”

“नावं ठेवतेस होय माझ्या भाजीला?”

“छे! मी मुकाट्याने पाणी पिते.”

थोरलीला हसू आवरेना. हसता हसता तिचा ताठाही उतरला. तिने द्रावण दहापट पातळ केलं आणि नव्या काचेवर फिरवलं. दिसायला काच होती तशीच. धाकटीने मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं.

“का गं? गेलं का हेही?”

“वीस.”

“मशीन बिघडलंय तुझं.”

धाकटीने जुनी काच लावली. सतरा. पुन्हा नवी लावली. वीस! थोरलीने टेबलावर अशी थाप मारली, की शेजारच्या खोलीतून विभागप्रमुख धावत आले.

“कल्पना कोणाची?” आकडा बघून त्यांनी विचारलं.

“हिची,” थोरली म्हणाली. “मी तर आडवीच येत होते.”

“पण थर त्यांचा आहे हं, सर,” धाकटी घाईने म्हणाली.

“एका काचेवर भरवसा नको. आणखी चार करा.”

थोरलीने नवऱ्याला फोन लावला. “अहो, आम्हा दोघींना उशीर होईल.”

“काय झालं? काही बिघडलं का?”

“बिघडतंय कसलं! जमलंय!” असं म्हणून तिने फोन ठेवला आणि पुढची काच पुसायला घेतली.