दोघांचं पाणी

गाडीतला तो पिवळा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा तोकुजीने त्याच्यावर बोट फिरवून पाहिलं, जणू धूळच बसली होती. दिवा काही पुसला गेला नाही. बाहेर कामिसावाच्या खोऱ्यात बर्फ पडत होता, आभाळाला दुसरीकडे कुठे जागाच नसल्यासारखा.

ब्रेक तर लागत होते. घसरड्या रस्त्यावर ब्रेक दाबला की चाकं अडकून गाडी फरफटू नये म्हणून जी सोय असते, ती तेवढी बंद पडली आहे, असं तो दिवा सांगत होता. एरवी तोकुजीने लक्ष दिलं नसतं. गाडी एकोणीस वर्षांची, तो अठ्ठ्याहत्तरचा. दोघांचंही कुठे ना कुठे कुरकुरायचंच. पण शनिवारी गाडीच्या सरकारी तपासणीची मुदत संपत होती. हा दिवा जळता दिसला की तपासणीत गाडी नापास. आणि सेन्दाईला राहणाऱ्या लेकीला, चिएमीला, त्याने नव्या वर्षाच्या दिवशी शब्द दिला होता: या खेपेला गाडी नापास झाली तर गाडी मोडीत, आणि परवाना परत.

चिएमीचंही काही खोटं नव्हतं. घाटातला रस्ता वाईट, बापाचे डोळे अधू. बसने जात जा म्हणाली. बस मंगळवारी आणि शुक्रवारी. घाटापलीकडच्या शुश्रूषागृहात ती दुपारी दोनला पोचायची, आणि तोकुजीची बायको फुमिए तिथे बाराला जेवायची. दुसऱ्या कुणी भरवलं तर ती तोंड मिटून घ्यायची. तोकुजीने भरवलं तर खायची; तो कोण हे ठाऊक नसलं तरी खायची. कधी त्याला सामान पोचवणारा समजायची, कधी बसचा ड्रायव्हर. अदबीने म्हणायची, "तुम्हाला फार लांबून यावं लागतं ना?" तो म्हणायचा, "नाही हो, इथूनच."

रोज जेवण संपता संपता तो आपल्या गळ्यातला टॉवेल काढून तिचे ओठ पुसायचा. तेव्हा कधीतरी, आठवड्यातून एखादवेळी, तिच्या डोळ्यांत कुणीतरी दार उघडून बाहेर यायचं. त्या एका वेळेसाठी तो उरलेले सहा दिवस घाट चढत होता.

गावात एकच गॅरेज. वडिलांच्या मागे ते शिनोबू चालवायची. पन्नाशीची, रुंद हातांची बाई. तोकुजी तिच्या वडिलांचा शाळासोबती, म्हणून तिला लहानपणापासून ओळखत होता. तिने हातातलं यंत्र गाडीला जोडलं आणि सांगितलं, मागच्या डाव्या चाकाची तक्रार आहे. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर असतो, त्याच्याकडून निरोपच येत नाही. सेन्सर काढून तिने पुसला, तपासला, ठणठणीत. तरी मोडीतल्या तसल्याच गाडीचा दुसरा आणून बसवला. दिवा विझला. दोन दिवस थंडी ओसरली, पागोळ्या गळल्या, दिवा विझलेलाच राहिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा कडाक्याची थंडी पडली, आणि सकाळी घाटाच्या पायथ्याशी दिवा लागला.

तो तसाच गॅरेजला वळला, पण शिनोबूच्या शेगडीपाशी गाडी अर्धा तास उभी राहिली आणि दिवा गेला.

"डॉक्टरच्या दारात बरी होते ही," शिनोबू म्हणाली. "कामचुकार सुनेसारखं करतेय."

"थंडीच बाधत असेल तिला. म्हातारी झाली."

"थंडी बाधते का, ते बघूच."

बुधवारी तिने गाडी रात्रभर अंगणात उघड्यावर ठेवून घेतली आणि तोकुजीला गॅरेजची दुसरी गाडी दिली. पारा शून्याखाली बारावर गेला. गुरुवारी सकाळी तिने गाडी सुरू केली, घाटापर्यंत नेऊन आणली. दिवा लागला नाही. तिने फोन केला आणि अर्धवट जांभई देत म्हणाली, "तोकुजीसान, थंडीचा काही संबंध नाही. जे काही होतंय ते तुमच्या घरी होतंय. गाडी आज घेऊन जा, नेहमीसारखी लावा. उद्या सातला मी येते. नेहमी करता तेच करा, वेगळं काही करू नका."

वेगळं करायला त्याच्याकडे होतं काय? संध्याकाळी पाचला तो न्हाणीघराच्या भिंतीवरचं बटण दाबायचा. वीस मिनिटांनी भिंतीतून बाईचा आवाज यायचा, आंघोळीचं पाणी तयार आहे. घरात दिवसभरात बोलणारं तेवढंच. पाणी किती भरायचं ते फुमिएनेच यंत्रात कधीतरी लावून ठेवलेलं, दोघांच्या मापाचं. आधी तो टबात उतरायचा, मग त्याच पाण्यात ती. पाण्यात ती युझू या आंबट फळाच्या वासाची पूड टाकायची. पाणी लिंबासारखं पिवळं व्हायचं. तो अजून टाकत होता. अंग बाहेर साबणाने धुऊन मग पाण्यात बसायचं, म्हणून पाणी स्वच्छच राहायचं, आणि उरायचं ते सगळं पुढच्या माणसाचं असायचं. पुढचं माणूस नव्हतं. तो वर झाकण सरकवायचा, गळ्याचा टॉवेल त्या पाण्यात बुडवून पिळायचा आणि शेगडीवर वाळत टाकायचा.

शुक्रवारी सातला शिनोबू आली. तोकुजीने तिला मान लववली आणि नेहमीसारखा न्हाणीघराच्या मागच्या दाराने बादली घेऊन बाहेर आला. झाकणाखाली पाणी सकाळपर्यंत कोमट राहत असे. छपरावरून घसरलेला बर्फ मागच्या डाव्या चाकाला रोज चिकटायचा. गाडी त्याच दारापाशी, न्हाणीघराच्या भिंतीला पाठ लावून उभी असायची. त्याने चाकावर, चाकामागे, आत वरपर्यंत बादली हळूच ओतली. गुरं धुतात तशी, हाताने चोळत. वाफ उठली. सगळ्या अंगणात युझूचा वास पसरला.

दुसरी बादली आणायला वळला तेव्हा शिनोबू बर्फात उकिडवी बसली होती. बॅटरीच्या उजेडात तिने चाकामागचा वायरीचा जोड सोडवला. आतल्या पितळी काड्यांवर पिवळट हिरवी खपली चढली होती. तिने ती नखाने खरवडली आणि नाकाशी नेली.

"तोकुजीसान, तुम्ही गाडीला आंघोळ घालता?"

"बर्फ सुटतो. पाणी कोमट असतं."

"पाणी जोडात शिरतं. पूड वायर खाते. मग रस्त्यात सगळं गोठतं आणि निरोप अडकतो. माझ्याकडे शेगडीपाशी सुकतं, म्हणून विझतो दिवा. किती दिवस करताय हे?"

"गेल्या हिवाळ्यापासून." त्याने बादली खाली ठेवली. "ओतून द्यायला जीव होत नाही. दोघांचं पाणी आहे."

"मग कमी भरा की."

त्याने न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. यंत्रातलं माप बदलता येतं, हे त्याला ठाऊक होतं. पुस्तिका खणात होती.

"ते तिने लावलंय," तो म्हणाला.

शिनोबूने नाक पुसलं, हातमोजा पुन्हा चढवला. तिची आई गेली तेव्हा वडिलांनी दोन वर्षं स्वयंपाकघरातलं घड्याळ, तिने लावलेलं, तसंच पाच मिनिटं पुढे ठेवलं होतं. ते तिला तेव्हा चिडवल्यासारखं वाटायचं. जोड हातात फिरवत ती म्हणाली, "भरा तितकंच. पण चाकावर नका ओतू. चाकाला लाथ मारा, बर्फ पडतो. सगळं गाव लाथ मारतं."

तिने तिथेच बोटं गोठेपर्यंत काम केलं. खराब जोड कापला, नवी वायर जोडली, वर मेणासारखं काळं रबर गुंडाळलं. मग स्वतः गाडी घेऊन गावच्या तपासणी केंद्रावर गेली. गॅरेजची दुसरी गाडी त्या दिवशी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे होती, आणि बसने दोनला पोचून उपयोग नव्हता. तोकुजी दिवसभर शेगडीपाशी बसून होता. बाराच्या ठोक्याला त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि एक वाजेपर्यंत उचलले नाहीत. आज फुमिएने तोंड मिटलं असेल.

चारला गाडी आली. काचेवर पास झाल्याचा नवा चौकोनी कागद चिकटवला होता, दोन वर्षांचा. शिनोबू चावी देताना एवढंच म्हणाली की चिएमीला फोन आजच करा, म्हणजे माझ्याकडे करणार नाही ती. त्याने केला. चिएमीने कागदावरची तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाली, "बाबा, घाटात हळू चालवा."

शनिवारी सकाळी सवयीने बादली भरली गेलीच. दारात आल्यावर त्याला आठवलं. बादली धरून तो थोडा वेळ उभा राहिला. हात रिकामे करायला जागाच सापडेना. शेवटी भिंतीकडेच्या स्वच्छ बर्फात ती ओतली. बर्फात पिवळं भोक पडलं, खोल जाऊन निळं झालं. मग चाकाला दोन लाथा मारल्या, जरा अपराध्यासारख्या. चावी फिरवली. सगळे दिवे एकदम लागले, तो पिवळासुद्धा. चावी फिरवली की सगळे एकदा लागतातच. तोकुजीने तीन मोजले. पिवळा विझला.

घाटात बर्फाची धूळ उडत होती. शुश्रूषागृहातल्या बाईंनी सांगितलं, काल फुमिएसान काही जेवल्या नाहीत. तो खिडकीपाशी तिच्यासमोर बसला. काल कुठे होतात, असं तिने विचारलं नाही. भोपळा खाल्ला, भात खाल्ला, चार चमचे सूप प्यायली. त्याने टॉवेल काढून तिचे ओठ पुसले.

तिने त्याचं मनगट धरलं. टॉवेल नाकाशी नेला, डोळे मिटले.

"अहो, आज पाणी फार कडक केलंत."

"चुकलं," तोकुजी म्हणाला. "उद्या बेताचं करतो."

तिने मान हलवली. मग मनगट सोडलं, खिडकीबाहेर खाली उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहिलं आणि त्यातली तुमची कोणती, असं त्याला अदबीने विचारलं.